रुंजाईनं रांजण पालथा केला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मोजायला बसलं की गोष्ट बाजूला राहते. एवढंच धरा की कोरडमाथ्याला तेव्हा नळ नव्हता, गाडीवाट नव्हती, आणि डोंगराच्या माथ्यावर चाळीस घरं वारा खात उभी होती.

नावच कोरडमाथा, मग पाणी कुठलं असणार वर? पाणी होतं ते खाली, कड्याच्या पायथ्याशी, खडकात खोदलेल्या टाक्यात. टाक्यापासून वेशीपर्यंत खडकातच कोरलेल्या नऊशे पायऱ्या. त्या कोणी कोरल्या ते कोणाला ठाऊक नाही, पण ज्यानं कोरल्या त्यानं कधी डोक्यावर घागर घेतली नव्हती हे नक्की, नाहीतर त्या इतक्या उंच ठेवल्या नसत्या.

या गावात शिवी दिलेली एक वेळ खपायची, सांडलेलं पाणी खपायचं नाही. लेक सासरी निघाली की आई कानात सांगायची, "भाकर करपली तर करपू दे, पर घागर सांडू नगंस." ज्या सुनेच्या घागरीतून वाटेवर ओघळ दिसला, तिचं नाव आठ दिवस पाणवठ्यावर निघायचं.

आणि या गावात रुंजाबाई होती.

रुंजाबाई लवकर विधवा झाली. एक लेक होती, तीही बाळंतपणात गेली आणि मागे नात ठेवून गेली. नातीचं नाव ठमी. दोघींचं पोट पाण्यावर चालायचं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस, त्यांच्याकडे रुंजाबाई पाणी भरायची आणि ते सुगीला पायली-दोन पायली धान्य घालायचे. डोक्यावर दोन घागरी, काखेत एक कळशी. नऊशे पायऱ्या चढून वर आली तरी घागरीचा काठ कोरडा. असं म्हणतात, एकदा एक चिमणी तिच्या वरच्या घागरीवर बसून पाणी प्यायली आणि उडून गेली. आपल्या पायाखालची घागर चालते आहे हे त्या चिमणीला कळलंसुद्धा नाही.

मग गावात शाळा आली.

सात वाड्यांत मिळून पहिली शाळा, आणि ती कोरडमाथ्याला मिळाली. देवळाच्या पडवीत पोरं बसायची. खालच्या मुलखातून गुंडोपंत नावाचे मास्तर आले. अंगानं काडी, नाकात तपकीर, पण शिकवण्यात कसूर नाही. शाळेच्या अंगणात एक मोठा रांजण होता, पुरलेला नव्हे, नुसता दगडांच्या बैठकीवर ठेवलेला. तो भरायचं काम रुंजाबाईकडे आलं. पाणी ओतायला ती आली की आतून पाढे ऐकू यायचे. घागरी रिकाम्या व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती ऐकायची. मग उतरताना एका पायरीला एक आकडा असं म्हणत उतरायची, चढताना पुन्हा म्हणत चढायची. वर्षभरात तिला तीसपर्यंतचे पाढे आले. पावकी आली, दिडकी आली, साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, तीसुद्धा आली. पाटी मात्र तिनं कधी हातात धरली नाही.

ठमीला तिनं शाळेत घातलं. पोरांच्या घोळक्यात एकटी मुलगी. बायका म्हणाल्या, "रुंजे, पोरीला शिकवून काय करशील?" रुंजाबाई म्हणाली, "माझ्या डोक्यावर जल्मभर पाणी ऱ्हायलं. हिच्या डोक्यात काहीतरी ऱ्हाऊ द्या."

झालं, वर्ष गेलं. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आला. तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा दिपोटी म्हणत. घोड्यावरून यायचा, डोक्याला पागोटं, अंगात काळा कोट. त्यानं पोरांना पाढे विचारले, काहींना आले, काही अडखळली. पहिलंच वर्ष म्हणून साहेब काही बोलला नाही. पण गावाच्या मनाला लागलं.

गावचा पाटील तुळाजी. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात काही बसलं की पहारीनंही निघायचं नाही. त्यानं मास्तरांना चावडीवर बोलावलं.

"मास्तर, शाळा सुटल्यावर पोरं काय करत्यात?"

"काय करणार? उड्या मारतात. कड्यावर चढतात, करवंदं खातात, एकमेकांच्या मागं पळतात."

"तितंच घोळ हाय!" पाटलानं मांडीवर थाप मारली. "काठोकाठ भरल्याली घागर घिऊन कुणी उड्या मारतं का? तुम्ही सकाळी भरता, पोरं सांच्याला सांडत्यात."

सगळ्या चावडीनं माना हलवल्या. हसू नका. ज्या गावाचं सगळं आयुष्य डोक्यावरच्या घागरीत जातं, त्याला डोकं म्हणजेसुद्धा घागरच वाटणार. मास्तर काहीतरी बोलू पाहत होते, पण पाटलापुढे बोलेल तो मास्तर कसला.

त्या दिवसापासून गावात कायदा झाला. शाळेतल्या पोरानं पळायचं नाही, चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. खालच्या टाक्यावर तर जायचंच नाही. मान हलू नये म्हणून प्रत्येकानं डोक्यावर चुंबळ ठेवून चालायचं, घागरीखाली ठेवतात ती कापडाची चुंबळ. पडली तर समजायचं की आजचा धडा सांडला. पाटलाचा नातू गेनू, आधीच लोण्याचा गोळा, त्याला तर गडी पाठुंगळी घेऊन शाळेत आणायचा आणि मांडी घालून बसवायचा, देव मखरात बसवतात तसा.

रुंजाबाईनं काय केलं? तिनंही ठमीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. खोटं कशाला सांगायचं? आधी ठमी तिच्याबरोबर इवलीशी लोटी घेऊन टाक्यावर यायची, पायऱ्यांवर पाढे म्हणायची. ते सगळं तिनं बंद केलं आणि नातीला उंबऱ्याच्या आत बसवलं. भल्याभल्यांची चूक होते, आणि माणूस चूक करतो ती मायेनंच करतो.

दुसरं वर्ष गेलं. पोरं दिवसभर बसायची, संध्याकाळी बसायची, बसून जेवायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. जेवण अंगी लागेना. डोकं दुखतं म्हणून रडायची. नुसत्या बसलेल्या पोराच्या बुडाखाली मुंग्या असतात. ते पाटीवर बघतं, पण त्याला दिसत काही नाही.

दिपोटीसाहेब पुन्हा आला. ठमीला उभं करून विचारलं, "सात आठे?"

ठमीनं डोळे मोठे केले. तोंड उघडलं. मिटलं. आदल्या वर्षी जी मुलगी आकडा मास्तरांच्या ओठांतून निसटायच्या आत पकडायची, ती भिंतीसारखी उभी राहिली. साहेबानं गेनूकडे मोर्चा वळवला. "बारा नवे?" गेनूनं उत्तर दिलं, पण ते घोरण्याचं होतं. पोरगं बसल्या जागी झोपलेलं.

साहेबानं वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या माघात येईन. निम्मी पोरं पास झाली नाहीत तर शाळा इथून उचलून नदीपलीकडच्या बाजारगावी नेईन.

नदीपलीकडे म्हणजे तीन कोस. पोरं एक वेळ जातील, पण मुलीला कोण पाठवणार? रुंजाबाई रांजणाशी उभी राहून हे ऐकत होती. ठमीच्या वाटेत आता शाळा नव्हती, टाकं होतं. नऊशे पायऱ्या आणि दोन घागरी. असं म्हणतात, त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घागरीतलं पाणी हललं. सांडलं नाही, पण हललं.

आणि मग ते करडू आलं.

रुंजाबाईच्या दारात एक शेळी होती. तिचं पंधरा दिवसांचं करडू दावं सोडवून पळालं ते थेट पायऱ्यांकडे. खाली पडलं तर कोल्हा नेणार. ठमी अंगणात चुंबळ घेऊन बसली होती, ती ताडकन उठली आणि करडाच्या मागं धावली. चुंबळ गेली एकीकडे, ठमी गेली एकीकडे. तीनशे पायऱ्या धडाधडा उतरली, करडू धरलं, खांद्यावर टाकलं आणि तीनशे पायऱ्या धापा टाकत वर आली. वर आली आणि करडू सोडून भोकाड पसरलं.

"आजे, सगळं सांडलं गं माझं!"

 रुंजाबाई म्हणजे पाणी भरणारी बाई. पाणी सांडलं की आधी घागरीत डोकावून बघायचं असतं, रडायचं नंतर. ती म्हणाली, "गप. किती सांडलंय ते बघू. सात आठे?"

"छप्पन्न."

"बारा नवे?"

"अष्टोत्तरशे," ठमी हुंदका देत म्हणाली.

"सतरा साते?"

"एकुणीसाशे," म्हणजे एकशे एकोणीस. पोरीचे गाल लाल, नाक वाहतंय, छाती भात्यासारखी हलतेय आणि उत्तरं कशी, फुटाणे फुटावेत तशी. जे वर्षभरात आठवलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. रुंजाबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं ती चुंबळ उचलली आणि चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर दोन घागरी घेऊनच चावडीवर गेली. "पाटील, पोरांना टाक्यावर जाऊ द्या," म्हणाली. "पानी सांडतं ते चालन्यानं न्हाई, चाल येत न्हाई म्हनून सांडतं. पळनाऱ्या पोराचं काही सांडत न्हाई, उलटं तळाचं वर येतं. माझ्या ठमीचं आलंय."

पाटील हसला. "रुंजे, तुझं डोकं रिकामं. तुला काय ठावं सांडन्याचं दुख?"

रुंजाबाई म्हणाली, "रिकामी घागर वाजती, पाटील. मघापासनं कुनाची वाजतीय ते गाव ऐकतंय."

आणि तिथल्या तिथं, घागरी न उतरवता तिनं औटकी सुरू केली. "एक औट साडेतीन, बे औटे सात, तीन औटे साडेदहा..." चावडीभोवती चक्कर मारत मारत ती म्हणत गेली. गुंडोपंतांनी तपकिरीची चिमूट नाकापाशी नेली होती, ती तशीच राहिली. औटकी मास्तरांनासुद्धा एका दमात यायची नाही. पाढा संपला, घागरीचा काठ कोरडा होता.

पण पाटील तो पाटीलच. "आसंल तुला येत. पोरं न्हाई जानार."

"बरं," रुंजाबाई म्हणाली. "मग उद्यापासनं शाळेचा रांजण मी भरनार न्हाई. ज्याला तहान लागंल त्यो खाली यील."

आणि नाही भरला. एक दिवस झाला, दोन झाले. बाकीच्या बायकांना घरचंच पाणी पुरेना, त्या कुठून शाळेचं भरणार? तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच पोरं जीभ बाहेर काढून बसली. मास्तरांचाही घसा सुकला. मास्तर भित्रे होते, पण तहान भीतीपेक्षा मोठी. त्यांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, "लोट्या घ्या. खाली जाऊन पाणी पिऊन या." आणि सगळ्यांत पुढे स्वतः निघाले.

गावात बोंब उठली. आया पदर खोचून पायऱ्यांच्या तोंडाशी आल्या. रुंजाबाई पहिल्या पायरीवर आडवी उभी. "जिला पोराला अडवायचं तिनं आधी मला ढकला," म्हणाली. तिचे पाय बघून कोणी पुढे आलं नाही. तुळईसारखे पाय होते ते.

आता लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. वर्षभर बसवलेली पोरं ती. पहिल्या दिवशी चढताना निम्मी वाटेत बसली, दोघांना ओकारी झाली, आणि वर्गात आल्यावर सगळी मेल्यासारखी झोपली. पाटील म्हणाला, "बघा!" रुंजाबाईच्या लक्षात आलं की आपलंच चुकलं. नव्या सुनेच्या डोक्यावर कोणी पहिल्याच दिवशी दोन घागरी देतं का? आधी लोटी, मग तांब्या, मग कळशी. तिनं हिशेब बदलला. आठ दिवस रोज शंभर पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या, तिथं ती स्वतः पाणी आणून ठेवायची. मग दोनशे. मग तीनशे. एका पायरीला एक आकडा. दम लागला तर थांबायचं, पण पाढा सोडायचा नाही; पाढा सोडला नाही की पाय आपोआप जपून उचलला जातो.

गेनूची तर गंमतच. तो पन्नासाव्या पायरीला बसायचा. तिथं एक बसका दगड आहे, त्यावर बसून म्हणायचा, "रुंजाआजे, मला पाठुंगळी घे."

"मी पानी वाहती, लोनी न्हाई. बस तितं. तेराचा पाढा म्हनून झाला की उठ."

तेराचा पाढा म्हणेपर्यंत दम यायचा. मग उठायचा. आधी रडत, मग कुरकुरत, मग नुसताच. दिवाळीला तो त्या दगडावर बसला नाही, जाता जाता त्याला एक थाप मारून पुढे गेला. त्या दिवशी तो घरी जाऊन तीन भाकरी जेवला आणि आजोबांना तेराचा पाढा उलटा म्हणून दाखवला.  पाटील हुक्का विझेपर्यंत नुसता नातवाकडे बघत बसला.

हिवाळ्यापर्यंत पोरं नऊशेच्या नऊशे पायऱ्या उतरून चढू लागली, येताना भरलेल्या लोट्या आणून रांजणात ओतू लागली. वर्गात आली की चिडीचूप. दमलेलं पोर जागेवर बसतं, आणि बसलं की ऐकतं, आणि ऐकलं की राहतं. एवढं साधं होतं. गुंडोपंत म्हणायचे की पूर्वी एक गोष्ट दहा वेळा सांगावी लागे, आता दोनदा पुरते, उरलेल्या आठ वेळांचं काय करू? मास्तरांची स्वतःचीही छाती रुंद झाली, तपकीर सुटली. आणि असं म्हणतात की त्या पायऱ्यांनाच पाढे पाठ झाले. एकटं माणूस चढताना चुकीचा आकडा म्हणालं तर त्या पायरीवर हटकून ठेच लागायची.

माघ आला. साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी पाटलाच्या मनात जुनं भूत जागं झालं. त्यानं रुंजाबाईला बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट हात जोडल्यासारखा बोलला.

"रुंजे, वरीसभर तुजं ऐकलं. पर उद्या न्हाई. उद्या पोरं काठोकाठ भरल्याली हायेत. उद्याचा दिस हालवायचं न्हाई. रांजण तू भर. आणि आडवी आलीस तर ठमीला परीक्षेला बसू देनार न्हाई."

रुंजाबाईनं रांजण भरायचं कबूल केलं. ठमीचं नाव घेतल्यावर ती काय करणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरं पडवीत आणून बसवली. प्रत्येकाच्या डोक्यावर पुन्हा चुंबळ. हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि रुंजाबाई एकटी खेपा घालत राहिली. एक, दोन, पाच, बारा. बाराव्या खेपेला रांजण गळ्यापर्यंत भरला. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि साहेबाचा अजून पत्ता नव्हता. पोरं पहाटेपासून बसून मेणाची झाली होती.

साहेब आला तो घामानं निथळत. वाटेत घोडा अडला म्हणून त्याचा लगाम ओढत शेवटचा चढ पायी चढला होता. आल्या आल्या खुर्चीवर बसला आणि ठमीकडे बोट केलं. "हीच ना गेल्या वर्षीची? सांग, सात आठे?"

ठमीचे ओठ हलले. आवाज आला नाही. डोक्यावरची चुंबळ पडेल म्हणून ती मान वर करायलासुद्धा भीत होती. साहेबानं गेनूला विचारलं. गेनू घामाघूम. तिसऱ्याला विचारलं. तोही गप्प. गुंडोपंतांनी डोळे मिटले. साहेबानं वही उघडली आणि टाक शाईत बुडवला.

रुंजाबाई रांजणाजवळ उभी होती. तिनं ठमीकडे पाहिलं. मग रांजणाकडे पाहिलं. बारा खेपांचं पाणी. मग तिनं पदर खोचला, खांदा रांजणाला लावला, पाय दगडाला रोवले, आणि रांजण पालथा केला.

धाडकन पाणी आलं. पडवीसमोरच्या फरशीवरून वाहिलं, साहेबाच्या बुटांखालून गेलं, पाटलाच्या जोड्यात शिरलं, अंगण ओलांडून धुळीत मिळालं.  जिनं जन्मात थेंब सांडला नाही, तिनं रांजण सांडला होता.

"रुंजे!" पाटील किंचाळला. "आगं, ह्ये काय केलंस?"

"सांडलं," रुंजाबाई म्हणाली. "बघून घ्या, सगळ्या गावानं बघा. सांडतं ते आसं दिसतं. पोरांच्या डोक्यातनं आसं व्हाताना बघितलंय का कुनी? बघितलं आसंल तर पुढं या आन सांगा!"

कोणी पुढे आलं नाही.

मग ती साहेबाकडे वळली. "साहेब, डोंगर चढून आलाय, घसा वाळला आसंल. पानी तर मी सांडलं. आता पोरं आनतील. तेवढं थांबा, मग काय लिव्हायचं ते लिवा." आणि पडवीत बघून ओरडली, "उठा रं! लोट्या उचला!"

पोरांनी पाटलाकडे पाहिलं. पाटील दगड झाला होता. तेवढ्यात गेनू उठला. त्यानं डोक्यावरची चुंबळ काढली, चालत जाऊन आजोबांच्या मांडीवर ठेवली, आणि लोटी घेऊन पळाला. मग ठमी. मग सगळी पोरं, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी.

साहेब खुर्चीवरून उठून कड्याच्या टोकाशी गेला. त्याच्या मागं गाव गेलं. पोरं खाली मुंग्यांएवढी दिसत होती. टाक्यावर वाकली, भरली, वळली. मग खालून आधी आवाज आला. बारीक, मग मोठा, मग डोंगर भरून. "एक औट साडेतीन, बे औटे सात!" कडा पलीकडून तेच परत म्हणत होता. असं म्हणतात की त्या दिवशी टाक्यावरच्या म्हशीसुद्धा मान हलवून ताल धरत होत्या. नऊशेव्या पायरीवर आधी गेनूचं डोकं दिसलं, शेजारी ठमीचं. गाल टोमॅटोसारखे लाल, डोळे धुतल्यासारखे स्वच्छ, आणि एकाही लोटीचा काठ ओला नाही.

साहेब ठमीच्या हातची लोटी घटाघटा प्यायला. तोंड पुसलं आणि विचारलं, "सात आठे?"

"छप्पन्न!" ठमी म्हणाली. पण तिच्या आधी मागची चार पोरं म्हणाली होती.

मग साहेब विचारत गेला आणि पोरं सांगत गेली. पाढे झाले, वाचन झालं, शुद्धलेखन झालं. एक सोडून सगळी पोरं पास. तो एक नापास झाला कारण त्याचं सगळं लक्ष साहेबाच्या घोड्याकडे होतं, त्याला रुंजाबाई तरी काय करणार?

साहेबानं गुंडोपंतांना विचारलं, "हे तुम्ही कसं साधलंत?" गुंडोपंत भित्रा माणूस, पण त्या दिवशी खरं बोलले. त्यांनी रुंजाबाईकडे हात केला. साहेब तिच्याकडे बघून थोडा वाकला, आणि वहीत लिहिलं, शाळा इथेच राहील. शाळेचा रांजण मुलांनी रोज स्वतः भरावा, परीक्षेच्या दिवशीही.

आणि तुळाजी पाटील? त्यानं गेनूनं दिलेली चुंबळ हातात चुरगाळली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "रुंजाआई, घागर माजी व्हती रिकामी." त्या दिवसापासून ती गावाची रुंजाई झाली.

ठमी शिकली. पुढे त्याच शाळेत ती मास्तरीण झाली आणि शेवटपर्यंत पोरांच्या पुढे पायऱ्या उतरायची. रुंजाई खूप जगली. असं म्हणतात की ती गेली ती नऊशेव्या पायरीवर, टेकून बसल्या बसल्या. शेजारी घागर होती, काठोकाठ भरलेली, आणि काठ कोरडा. अंगणात जिथं तिनं रांजण पालथा केला तिथं नुसत्या खडकातून उंबर उगवला. रोप होता तेव्हा त्याला कोणी पाणी घातलं नाही. त्याला एकदाच मिळालं होतं, पण पोटभर.

आता कोरडमाथ्याला नळ आहे. नळ आला तेव्हा कोणी शहाणा म्हणाला, आता पोरांना पायऱ्यांवरून कशाला पळवायचं, तेवढ्यात एक तास अभ्यास होईल. गावातल्या बायका एका आवाजात म्हणाल्या, "नळ आला म्हनून पोरांचे पाय गेले का?" विषय संपला. आजही शाळेत न्याहारीनंतर घंटा होते आणि पोरं लोट्या घेऊन उतरतात. लहानगी गेनूच्या दगडापर्यंत, मोठी टाक्यापर्यंत. गेनूच्या दगडाला जाता-येता थाप मारायची असते. थापा खाऊन खाऊन तो आरशासारखा गुळगुळीत झाला आहे.

आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी सगळी पोरं उंबराखाली जमतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई भरलेली घागर घेऊन येते. या गावात सांडलेल्या थेंबाला अजून माफी नाही, पण त्या दिवशी ती सगळी घागर उंबराच्या बुंध्याशी पालथी करते आणि पोरांना विचारते, "काय सांडलं रे?"

"पाणी!"

"आणि डोक्यातलं?"

"आहे तिथंच आहे, रुंजाईची कृपा!"

मग म्हातारी रिकामी घागर पुढे करते आणि म्हणते, "जा, भरून आणा." आणि अख्खी शाळा पाढे म्हणत पायऱ्यांकडे धावत सुटते.